सातव्या नियमाचं दुसरं वाक्य

सव्वीस वर्षं त्या गावात एकही सायकल घंटीसाहेबांच्या हाताखालून गेल्याशिवाय रस्त्यावर आली नव्हती. घंटीसाहेब म्हणजे नगरपालिकेचे सायकल तपासनीस. नाव लोकांनी ठेवलेलं, कारण साहेब सगळ्यात आधी घंटी वाजवून बघत आणि ती मनासारखी वाजली नाही, तर पुढचं काही बघतच नसत. मग ब्रेक, मग दिवा, मग मागची लाल काच. शेवटी पुढचं चाक उचलून ते फिरवत, डोळे मिटून कान लावत आणि कुठला आरा ढिला आहे ते बोट ठेवून सांगत. ते बोट कधी चुकत नसे. त्यानंतर मालकाने कचेरीच्या अंगणात खडूने आखलेल्या चौकातून फेरी मारायची, वळताना हात दाखवायचा, आणि सगळं जमलं तर पितळी बिल्ला घेऊन जायचं. बिल्ल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणायची नाही, असा तिथला कायदा होता.

आता एक गोष्ट सांगूनच टाकलेली बरी. घंटीसाहेबांना सायकल चालवता येत नव्हती.

रोज सकाळी ते स्वतःची सायकल हाताने ढकलत कचेरीत येत. हँडलला डब्याची पिशवी, सीटवर धुळीचा कण नाही. लोकांना वाटे, काय शिस्तीचा माणूस आहे, गर्दीत सायकलवर बसतसुद्धा नाही. लहानपणी घरात सायकल नव्हती, मोठेपणी शिकायची लाज वाटली, आणि ही नोकरी लागल्यावर तर कुणाला विचारायची सोयच उरली नाही. ठाऊक होतं फक्त बायकोला. ती इस्पितळात नर्स होती, रोज सायकलने जायची, आणि सव्वीस वर्षांत तिने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं.

मग नवे मुख्य अधिकारी आले आणि त्यांनी फर्मान काढलं. पहिल्या तारखेपासून बिल्ला देण्याआधी तपासनिसाने ती सायकल स्वतः चालवून बघायची, रोज तिच्यावर जेवढं ओझं असतं तेवढ्या ओझ्यासकट. पहिल्या दिवशी अधिकारी स्वतः हजर राहणार होते. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हातात नऊ दिवस होते. जमलं नाही तर नोकरी जाणार होती, आणि नोकरीच्या आधी सव्वीस वर्षांची इभ्रत.

बायकोने सगळं ऐकून घेतलं, कप विसळून पालथा घातला आणि विचारलं, "उद्या पाचला उठाल?"

बंद पडलेल्या गिरणीमागे एक पटांगण होतं. तिथे बायको सीट धरून पळायची आणि साहेब वर बसून देवाचं नाव घ्यायचे. पहिले तीन दिवस ते नुसते पडले. गुडघ्याला औषध लावताना ती हसू दाबत होती, आणि दाबलेलं हसू साहेबांना बरोबर दिसत होतं.

चौथ्या दिवशी ते पन्नासेक पावलं गेले आणि बायकोला काहीतरी म्हणाले. उत्तर फार लांबून आलं. तिने सीट केव्हाच सोडली होती.

साहेब पडले नाहीत. थांबायचं कसं हेच आठवेना, म्हणून ते जात राहिले. अंगठ्याएवढी रुंद दोन चाकं, त्यावर चौपन्न वर्षांचा धडधाकट माणूस, आणि कुणीही धरलेलं नाही. या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू त्यांना तोंडपाठ होता. पण जागच्या जागी जी सायकल क्षणभर उभी राहत नाही, ती नुसती पुढे जात राहिल्यामुळे उभी राहते, हे त्यांच्या अंगाला आजवर माहीतच नव्हतं. भिंतीपाशी ते कसेबसे उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं, ही उभी राहते," ते म्हणाले.

"राहते की," बायको म्हणाली. "अहो, गावभर लोक इतकी वर्षं काय करतायत मग?"

उरलेल्या दिवसांत ब्रेक जमला, वळणं जमली, पण हात काही सुटेना. एक बोट उचललं तरी हँडल थरथरायला लागायचं. हात थरथरला म्हणून आपण किती जणांना घरी पाठवलं, ते साहेबांना एकेक आठवू लागलं. मागून गाड्या येत असताना ही माणसं एक हात हवेत सोडतात, मान वळवून बघतात आणि वळतात, तेही रोज. रस्त्याने जाणारा प्रत्येक सायकलवाला आता ते थांबून बघत, आणि तो दिसेनासा झाला की मगच पुढे निघत.

पहिली तारीख उजाडली. रांगेत सर्वांत पुढे बेकरीवाली बाई होती. ही बाई चार वेळा नापास झालेली. दर वेळी ती खडूच्या चौकापाशी येई, बाजूला थांबून उतरे, दोन्हीकडे बघे आणि सायकल ढकलत पलीकडे नेई. दर वेळी साहेब कागदावर 'नापास' लिहीत आणि सांगत, "शिकून या." वळणावर उतरणाऱ्याला सायकल येत नाही, अशी त्यांची खात्री होती. स्वतः ते जन्मभर तेच करत आले होते ना. आजवर तिने कचेरीच्या तात्पुरत्या परवानगीवर पाव पोचवले होते; या वेळी बिल्ला मिळाला नाही, तर तिची सकाळची फेरी बेकरी दुसऱ्या कुणाला देणार होती.

घंटी, ब्रेक, दिवा, काच सगळं ठीक निघालं. अधिकारी म्हणाले, "बसा आता."

पुढच्या टोपलीत भरून पाव होते, मागे आणखी दोन टोपल्या. साहेबांनी टांग मारली आणि पहिल्याच पेडलला त्यांना कळलं की बाईची सायकल वेगळीच आहे. पुढचं ओझं हँडलला एकदा इकडे ओढत होतं, एकदा तिकडे. दोन्ही हातांनी धरूनसुद्धा दंड भरून आले. हे घेऊन ही बाई अर्धं गाव फिरते, या विचाराने साहेबांच्या अंगावर काटा आला. चौक जवळ आला. त्यांनी उजवा हात जरासा उचलला, तसं हँडल गर्रकन फिरलं, आणि त्यांनी ते मोठ्या मुश्किलीने सावरलं.

मग ते बाजूला थांबले, उतरले, दोन्हीकडे बघितलं आणि सायकल ढकलत पलीकडे नेली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय. साहेबांनी भिंतीवरच्या नियमांच्या फळीकडे पाहिलं. ती त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती.

"नियम सातवा," ते म्हणाले. "वळताना हात दाखवावा. हात सोडणं शक्य नसेल त्याने उतरून, सायकल ढकलत वळावं." आणि थांबून म्हणाले, "दुसरं वाक्य मी सव्वीस वर्षांत कुणाला लागू केलं नाही."

अधिकाऱ्यांनी फळी वाचली आणि मान हलवली. साहेबांनी बाईचा कागद काढला. त्यावरचे आपल्याच अक्षरातले चारही 'नापास' त्यांनी खोडले, खाली 'चूक तपासनिसाची' असं लिहून सही केली, आणि पितळी बिल्ला तिच्या हँडलला स्वतः पक्का बसवला.

बाई बिल्ल्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चारही वेळा मी हेच केलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, शिकून या."

"हो," साहेब म्हणाले. "मी आत्ता शिकून आलो, बाई."