चुकलेलं वर्गमूळ

पौषातली सकाळ. वरुडच्या संत्राबागांवर दवभारली, केशरगंधी उन्हं सावकाश उतरत होती. पानापानांत हिरवा काळोख आणि काळोखात लखलखती फळं. अंगणातल्या आरामखुर्चीत विश्वंभर मास्तर निश्चल बसले होते. आयुष्यभर त्यांनी भूमिती शिकवली, आणि दिवाळीनंतरच्या पक्षाघातानं त्यांची वाचाच नेली.

"वाचा येईल परत, किंवा येणारही नाही," डॉक्टर म्हणाले होते. "त्यांच्या आवडीचं बोलत राहा."

आता आवडीचं म्हणजे काय हो? सुना नव्हेत, नातवंडं नव्हेत. या माणसाची आवड एकच, त्रिकोणमिती! त्यांच्या पत्नी भानुमतीबाई मराठीच्या शिक्षिका, वृत्तालंकारांत रमलेल्या. साइन-थीटाचा त्यांना जन्माचा वैताग. तरी रोज कोवळ्या उन्हात दहावीचं पुस्तक मांडीवर घेऊन नवऱ्याशेजारी बसायच्या आणि मोठमोठ्यानं गणितं सोडवायच्या. लांबलचक, गुंतागुंतीच्या राशी. त्यांत साइन वर्ग अधिक कॉस वर्ग हुडकायचा, त्याच्या जागी एक लिहायचा, की अवघा पसारा आवरतो. पसारा आवरे, मौन तेवढं राही. आतून बाई फार घाबरल्या होत्या.

आजची राशी होती एक वजा साइन वर्ग थीटा, आणि त्या सगळ्यावर वर्गमूळ.

"हॅ, हा तर हातचा मळ! एकाचं मूळ एक, साइन वर्गाचं साइन. उत्तर, एक वजा साइन थीटा. झालं!"

वारा थबकला. खुर्ची करकरली. मास्तरांचा डावा हात उठला, कपाळावर ती जुनी, वर्गाला धडकी भरवणारी आठी उमटली, आणि ओठ झगडू लागले, झगडतच राहिले.

"चू... चूक."

बाईंच्या हातून पेन्सिल गळाली. अगं बाई! याच शब्दावरून उभ्या संसारात किती भांडणं, किती अबोले, किती रुसलेली जेवणं! आज तोच शब्द कानांवर आला, आणि त्यांना रडू आवरेना.

"अहो, पुन्हा म्हणा ना!"

"चूक!" मास्तर म्हणाले, चिडून, आणखी स्पष्ट. "क... कॉस."

खरंच की! एकातून साइन वर्ग गेला, की कॉस वर्ग उरतो. त्याचं मूळ कॉस. बाईंनी पेन्सिल उचलली, उत्तर खोडून नीट लिहिलं. मास्तरांची आठी विरली.

भानुमतीबाईंनी पदरानं डोळे पुसले, पान उलटलं, आणि पुढचं गणित, सोपं, अगदी सोपं गणित, सावकाश, ठळक अक्षरांत, मुद्दाम चुकवलं.