दुखण्याच्या खोलीतली खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. शाळेच्या तळमजल्यावर जिन्याशेजारी जी छोटी खोली आहे, तिथे माझा मुक्काम असतो. दारावर ‘आरोग्य कक्ष’ अशी पाटी आहे, पण मुलं तिला दुखण्याची खोली म्हणतात. मला विचाराल तर मुलांनीच बरोबर नाव ठेवलं आहे.

एका वेल्डरने आपल्या शेडमध्ये मला घडवलं. नळ्या कापल्या, जोडल्या, वर पत्रा ठोकला आणि पांढरा रंग फासला. रंग वाळायच्या आतच मला टेम्पोत चढवलं, म्हणून डोक्याकडच्या नळीवर त्याच्या बोटांचे ठसे कायमचे राहिले. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता कुणी पुसतो म्हटलं तरी मी पुसू देणार नाही.

पुढची बरीच वर्षं मी एका दवाखान्यात काढली. तिथे मोठी माणसं माझ्यावर कण्हत पडायची. मग डोकं वर होणाऱ्या, चाकांच्या खाटा आल्या आणि मी नकोशी झाले. मला या शाळेला देऊन टाकलं. शाळेने मला अडगळीत ढकललं आणि वर मोडके बाक रचले. मी पार खचून गेले होते. एके दिवशी शाळेत नव्या सिस्टर आल्या. त्यांनी मला बाहेर काढायला लावलं, माझा एकेक पाय हलवून पाहिला आणि शिपायांना म्हणाल्या, “हिला काय धाड भरलीय? चांगली दणकट आहे.” एवढं कौतुक मला आजवर पुरलं आहे.

इथे माझं बरं चाललं आहे. छोट्यांचं वजन ते काय! कुणाचा गुडघा फुटलेला, कुणाला ताप, तर कुणाची पोटदुखी गणिताच्या तासाला सुरू होऊन खेळाच्या तासाला थांबणारी. अशी मुलं झोपतात माझ्यावर, पण त्यांचा एक डोळा दाराकडे असतो. सिस्टरना ते लगेच कळतं.

पण टिकलीचं काही कळेना.

टिकली बालवर्गात नवीन आली होती. हे तिचं घरचं लाडाचं नाव. रोज डबा खाऊन झाला की वर्गाच्या बाई तिला हाताला धरून आणायच्या. ती कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायची आणि गप्प पडून राहायची. सिस्टर ताप पाहायच्या, पोट दाबून पाहायच्या, सकाळी काय खाल्लंस ते विचारायच्या. सगळं ठीक असायचं. घरी गेली की थोड्या वेळात पोट दुखायचं थांबायचं.

शेवटी तिचे बाबा शाळेत आले. सामान पोचवायच्या गाडीवर ते ड्रायव्हर होते. कामाच्या मधूनच आले होते, त्यामुळे वैतागले होते.

“नाटकं आहेत सगळी,” ते म्हणाले. “नाहीतर हिचं अजून वय झालेलं नाही. नाव काढून टाकू. पुढच्या वर्षी बघू.”

“थोडी कळ काढा ना,” सिस्टर म्हणाल्या.

“आठवडाभर बघतो. मग नाही.”

टिकली हे माझ्यावर पडून ऐकत होती. तिला शाळा मनापासून आवडायची. मातीचे हत्ती, गाणी, शेजारी बसणारी मैत्रीण, सगळंच. ती आवाज न करता रडली. माझी उशी भिजली आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय हे तिने कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं तर नाव काढतील ना! बाईंनीच तिचा चेहरा पाहून तिला आणलं. ती दमून माझ्यावर झोपली आणि झोपेत तिला शू झाली.

जाग आली तशी ती उतरून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. “आईला सांगू नका. मी खूप वेळ धरून ठेवली होती.”

“का गं बाळा? जायचं ना.”

“आई म्हणते, शाळेतल्या बाथरूममध्ये घाण असते. तिथे बसायचं नाही. पाणी प्यायलं नाही की लागतच नाही.”

सिस्टरनी कपाळाला हात लावला. “आणि मी मेली रोज तिचं पोट दाबत बसले!” कपाटातला कोरडा फ्रॉक त्यांनी तिला घातला, माझ्यावरचं मेणकापड धुतलं आणि आईबाबा दोघांनाही बोलावून घेतलं.

दोघंही आले. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या पदराशी चाळा करू लागल्या. मग म्हणाल्या, “आमच्या शाळेत दाराला कडीच नव्हती. मीसुद्धा घरी जाईपर्यंत धरून ठेवायची. मला वाटलं, मी हिला जपतेय.”

“जपायलाच गेलात हो,” सिस्टर म्हणाल्या. “पण एवढंसं पोर असं धरून बसलं की पोट दुखतं, पुढे लघवीला जळजळ, ताप. आधी बघून तर या.”

आई टिकलीचा हात धरून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. बाबांना म्हणाल्या, “स्वच्छ आहे. कडी आतून लागते. तिचा हातही पुरतो.”

बाबा माझ्यावर बसले. मी करकरले. “बाटली रोज जवळजवळ भरलेलीच घरी यायची,” ते म्हणाले. “मला वाटायचं, गुणाची पोर, पाणी पुरवून पिते.”

“मग नाव काढायचं?” टिकलीने विचारलं.

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच.”

“मी काहीही बोलतो,” बाबा म्हणाले आणि त्यांनी तिला मांडीवर घेतलं.

मित्रांनो, तुमचं धाकटं भावंड यंदा शाळेत जाणार असेल, तर घरी एवढं जरूर सांगा. ताप असेल तर औषध पाजून दामटून शाळेत धाडू नका, उपाशीपोटी पाठवू नका, हे सिस्टर दरवर्षी पालकांना सांगतातच. आता सिस्टर सगळ्यात आधी आईबाबांना मुलांचं बाथरूम दाखवतात. मुलाने कुठे जायचं, कुणाला सांगायचं, कडी कशी लावायची, हे त्याच्यासोबत जाऊन दाखवा. आणि पाणी भरपूर पिऊ द्या.

परवा मधल्या सुट्टीत टिकली दारावरून पळत चालली होती. सिस्टरनी हाक मारली, “काय गं, येतेस का जरा खाटेवर?”

“आत्ता नको,” ती न थांबता म्हणाली, “मी जाऊन आले. आता माझ्यावर राज्य आहे.”

माझ्यावर आजवर कितीतरी मुलं झोपून गेली, पण त्या दिवशी रिकामी राहून मला जितका आनंद झाला, तितका कधीच झाला नव्हता.