तंत्रज्ञानाला दुसरा शब्द

मी हिलालभाऊंच्या उजव्या कानातलं श्रवणयंत्र बोलतोय. माझं काम ऐकण्याचं. बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते सुरतेच्या उधना भागातलं दुकान आणि काचेचं कपाट. एके दिवशी योगिता नावाची मुलगी वडिलांना हाताला धरून तिथं घेऊन आली. ती नवागामच्या एका मराठी शाळेत शिक्षिका. वडील म्हणजे हिलालभाऊ, तरुणपणी धुळ्याकडून सुरतेला आलेले. कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर त्यांची उमर गेली आणि त्या खटखटाटात कानही गेले.

"काका, आ एकदम नवी टेक्नोलोजी छे," मला तळहातावर घेत दुकानदार म्हणाला.

घरी मला वेगळीच नावं मिळाली. हिलालभाऊंच्या पत्नी सुभद्राबाई मला 'कानातलं मशीन' म्हणायच्या, हिलालभाऊ 'यंतर'. 'श्रवणयंत्र' म्हणायची ती फक्त योगिता.

पहिल्या दिवशी सुभद्राबाई समोर उभ्या राहिल्या आणि काय बोलावं तेच त्यांना सुचेना. इतकी वर्षं सगळं खुणांवर चाललेलं. शेवटी म्हणाल्या, "चहा घेता का?"

हिलालभाऊ लहान मुलासारखे हसले. "तुना आवाज बदलना वं!"

"बदलणारच. कितल्या वर्सांनी ऐकताय!"

संध्याकाळी योगिता दुसऱ्या दिवशीचा पाठ मोठ्यानं वाचायची, मुद्दाम वडिलांसाठी. एकदा ती आठवीच्या मुलांसाठी समानार्थी शब्द काढत बसली होती. "तंत्रज्ञान. तंत्रविद्या. तंत्रशास्त्र..."

"आन यंतर?" हिलालभाऊंनी विचारलं.

"यंत्र वेगळं, बाबा. तुमच्या कानात आहे ती वस्तू, ते यंत्र. ती बनवायची विद्या म्हणजे तंत्रज्ञान."

"मंग मी तुटेल धागा जोडू, ते काय?"

"ते कसब. हुन्नर म्हटलं तरी चालेल. पण एक शब्द दुसऱ्याच्या जागी सगळीकडे बसत नाही. आईला भाकरीचं तंत्र जमलंय असं आपण म्हणतो. तंत्रज्ञान जमलंय, असं नाही म्हणत."

सुभद्राबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता ठसका लागला, तशा उठून मोरीत गेल्या. मोरीतला तो खोकला मला ऐकू आला. हिलालभाऊ मात्र अजून त्या शब्दांतच रमले होते.

काही दिवसांनी दुपारी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. दाराशी सुभद्राबाई साड्यांना गमनं खडे चिकटवत होत्या. मी कानात नसेन असं त्यांना वाटलं असावं. त्या खोकत राहिल्या, आणि तो खोकला काही थांबेना. हिलालभाऊ उठून बसले.

"कव्हापासून?"

"काही नही. गमचा वास लागस."

"कव्हापासून, सुभद्रा?"

त्या एकेक खडा लावत राहिल्या. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "मागल्या दिवाळीपासून."

योगिता शाळेतून आल्या आल्या हिलालभाऊंनी तिला विचारलं, "तुनी माय खोकलस. तुले माहीत व्हतं?"

"गमचा वास लागतो म्हणायची..." योगिता चप्पल न काढताच दारात बसली.

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर छातीचा फोटो उजेडात धरून हिंदीत म्हणाले, "आज टेक्नॉलॉजी बहुत आगे है. लेकिन ये बहुत फैल चुका है." मी दोन्ही वाक्यं सारख्याच नीटपणे पोचवली. हिलालभाऊंनी पहिलं तेवढं धरून ठेवलं.

बाहेरच्या बाकावर त्यांनी योगिताचा हात पकडला. "डॉक्टर बोलना ना, टेक्नॉलॉजी शे म्हनून. टेक्नॉलॉजी म्हंजे इलाजच ना?"

घरी एका शब्दाला चार शब्द देणारी ती मुलगी एवढंच म्हणाली, "इलाज वेगळा, बाबा." इतक्या हळू, की मलाही ते धड पकडता आलं नाही. हिलालभाऊंनी पुन्हा विचारलं. तिनं फक्त नाही अशी मान हलवली. ती खूण त्यांना कळली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात कामाचे. सुभद्राबाई सकाळीच मला स्वतःच्या हातानं हिलालभाऊंच्या कानात बसवायच्या आणि बोलायला लागायच्या. माहेरची विहीर, सासूशी झालेली भांडणं, योगिताच्या जन्माच्या वेळच्या कळा, सगळं. मध्येच धाप लागे. हिलालभाऊ घाई करत नसत, पुढच्या शब्दाची वाट बघत बसत.

थंडी सरता सरता त्या गेल्या. बायकांचा आकांत सुरू झाला, तेव्हा हिलालभाऊंनी मला कानातून काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

आता मी फळीवरच्या डबीत असतो. रविवारी योगिता नवा सेल घालते. तिचं मन मोडू नये म्हणून हिलालभाऊ मला थोडा वेळ लावतात. शेजारचा मिक्सर, गल्लीतली रिक्षा, कुणाचा तरी मोबाइल. मग म्हणतात, "बस, पोरी."

एकदा तिनं विचारलं, "का काढता, बाबा? मी बोलते ना."

"तू बोल. तुनं तोंड पाहीसन माले समजस. बाकीना आवाज कसाले पायजे?"

माझी काही तक्रार नाही. एवढंच सांगायचंय: तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्याच्यापासून तोंड फिरवून खोकू नका. समोर बसा, हात हातात घ्या आणि दुखतंय म्हणून सांगा. त्यासाठी माझी गरज लागत नाही.