अडगळीच्या खोलीतली बाई

आमचा धंदा कुलपं-किल्ल्यांचा. किल्ली कशी घासायची ते मला बाबांनी शिकवलं, आणि हल्ली तेच बाबा गिऱ्हाइकांच्या किल्ल्या घासून घासून सपाट करून ठेवायचे, दात एकही शिल्लक नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. आई म्हणाली, "वय झालंय त्यांचं. तुझं व्हायचं नाही वाटतं?" भावाला फोन केला, तर साहेब म्हणाले, "तुला राईचा पर्वत करायची खोडच आहे." वर्षातून एकदा तोंड दाखवायचं आणि फोनवरून अक्कल पाजळायची!

त्या दुपारी मी दुकान बंद करून जेवायला घरी आले, तर बाबा दारातच, छाती फुगवून उभे. "ये, ये! चोर पकडलाय!"

अडगळीच्या खोलीला दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप लटकत होतं.

"आई कुठाय?"

"माहेरी गेलीय. तेच हेरून शिरली ना ही बया!"

किल्ली मागितली तर म्हणाले, "का? तू सामील आहेस हिला?" आणि वाटच अडवली. मी ढकललं त्यांना. हो, बापाला ढकललं. ते खुर्चीत कोसळले आणि मी तारेनं कुलूप उघडलं.

आई जुन्या ट्रंकेवर बसली होती. गालावर पाच बोटं उमटलेली, कपडे खालून ओले. सकाळपासून कोंडली होती बिचारी.

"हाका नाही मारायच्या?"

"ओरडलं की जास्त चिडतात." मग मान खाली घालून म्हणाली, "कित्येक महिने मी त्यांना सांगतेय, मी कामवाली आहे म्हणून. मग निमूट जेवतात. 'बाई, तुम्हीही दोन घास खा' म्हणतात. आज चुकून तोंडातून 'अहो' गेलं."

परक्या बाईनं 'अहो' म्हटलं! "मी लग्न झालेला माणूस आहे, लाज नाही वाटत?" असं म्हणून कानाखाली लगावली होती. जन्मात कधी हात न उचललेल्या माणसानं बायकोशी इमान राखायला बायकोलाच मारलं.

माझं टाळकंच सरकलं. "बास झालं! असल्या पेशंटना सांभाळणारी संस्था आहे, उद्याच नेऊन ठेवते."

"मी जिवंत असताना? खबरदार!" आई कडाडली. "कामवाली तर कामवाली. घरात तर आहे ना मी!"

आणि तशाच ओल्या कपड्यांत जाऊन तिनं पाण्याचा ग्लास आणला, त्यांच्यापुढे धरला. "घ्या, साहेब."

बाबांनी ग्लासाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, तिच्या तोंडावर, "हिला काढून टाक. उद्यापासून नको. माझी बायको आली तर तिला खपायचं नाही."

आईनं ग्लास टेबलावर ठेवला. त्यांच्यासमोरच खुर्ची ओढून बसली.

"लाव त्या लोकांना फोन," ती मला म्हणाली. "आता माझी ही नोकरीपण गेली."