तीनच्या खेळातलं गाऱ्हाणं

त्या सिनेमाचं नाव मी घेणार नाही. घेतलं की माझं डोकं फिरतं. तसंही रत्नागिरीत आता सगळे त्याला 'मच्छीवाल्या मालनच्या अंगात येतं तो पिक्चर' असंच म्हणतात. अंगात येतं म्हणे! माझ्या अंगात काय येतं ते मला विचारा की. संधिवात येतो.

तीन वर्षांपूर्वी मुंबईची माणसं आमच्या वाडीत शूटिंगला आली होती. नव्या नवरीच्या अंगात समुद्रातला सैतान शिरतो, अशी काहीतरी गोष्ट. त्यांना गाऱ्हाणं घालणारा म्हातारा हवा होता, आणि आमच्या वाडीत गाऱ्हाणं म्हटलं की एकच माणूस, भिकाजी. माझा नवरा. नाव घेते मी आता त्यांचं. माणूस गेल्यावर कसली लाज? तीस वर्षं तांडेल होते, होडीवरचे सात खलाशी त्यांच्या शब्दावर हलायचे. नारळी पौर्णिमा असो नाहीतर कुणाचं लग्न, देवापुढे नारळ ठेवून बोलायला त्यांनाच पुढे करायचे. "बा देवा म्हाराजा," करून ते एकेक मागणं मागणार, आणि प्रत्येक मागण्याला मागे उभ्या असलेल्या माणसांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" त्या 'व्हय'शिवाय गाऱ्हाणं देवाकडे पोचत नाही. पेटीत न टाकलेल्या पत्रासारखं हातातच राहतं. आणि आणखी एक. ज्याच्यासाठी मागणं असेल त्यानं हात जोडून गप्प उभं राहायचं, 'व्हय' बाकीच्यांनी म्हणायचं. आपल्या ताटात आपणच वाढून घेऊ नये, असं भिकाजी म्हणायचे.

दिग्दर्शक ऋत्विक नावाचा पोरगा होता. दाढी एवढी आणि अक्कल एवढुशी. तो म्हणाला, "काका, नेहमी घालता तसंच घाला, ॲक्टिंग नको." हे म्हणाले, "ॲक्टिंग येत नाही मला, आणि खोटं गाऱ्हाणं मी घालत नाही. घालीन तर खरंच घालीन." तो खूश झाला. आम्हा वाडीच्या माणसांना त्यांनी दोरीच्या मागे उभं केलं आणि ताकीद दिली, कुणीही आवाज करायचा नाही. का, तर शांततेत भीती जास्त वाटते. हे नारळ घेऊन उभे राहिले, तोंडाने बोलत होते, पण वारा असा की मला एक अक्षर ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं. माझ्याकडेच. 'व्हय'ची वाट बघत होते. आणि आम्ही पंधरा-वीस माणसं तोंडं शिवल्यासारखी उभी. "कट!" झालं, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. घरी येताना मी म्हटलं, "काय मागितलंत?" तर म्हणाले, "तुला काय करायचंय? देवाला सांगितलं ना."

आठ महिन्यांनी गेले. फुप्फुसात काहीतरी होतं. शूटिंगच्या आधीच डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं, आणि या माणसानं मला सांगितलं नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही.

घरात फोटो आहेत त्यांचे, चार आहेत. पण आवाजाचा फोटो नसतो हो. माझ्याकडे त्यांचा आवाज कुठेच नव्हता. मुलगा अजिंक्य ठाण्याला नोकरीला, त्याच्या जुन्या मोबाइलमध्ये काहीतरी होतं ते मोबाइलबरोबर गेलं. दोन वर्षं मी घरात स्वतःशी बोलतेय आणि स्वतःच उत्तरं देतेय. सिनेमा लागल्याचं कळलं तेव्हा मी टोपलीतले सौंदाळे मासे अर्ध्या भावात काढले आणि तीनच्या खेळाला जाऊन बसले.

पहिल्या दिवशी, शुक्रवारी, वीस-पंचवीस माणसं असतील. माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या. मासळीचा वास येतो ना अंगाला, कोण बसणार? मध्यंतरानंतर एकदम हे आले पडद्यावर. एवढे मोठे! आणि तो आवाज, घशात वाळू असल्यासारखा. "बा देवा म्हाराजा, तुझ्या पायाशी आलो हाय..." मागची कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली, कारण यांच्या पुढच्या दातांतून 'स' नीट निघत नाही. पहिलं मागणं झालं. हे थांबले. त्या मेल्या ऋत्विकनं तिथे काहीच ठेवलं नव्हतं, नुसता वारा. माझा नवरा एवढ्या मोठ्या पडद्यावर 'व्हय'ची वाट बघत ताटकळत उभा. मला राहवलं नाही. उठून उभी राहिले आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

एक मुलगी किंचाळली. कुणीतरी "आयला!" म्हणालं. दुसऱ्या मागण्याला मी आणखी जोरात म्हटलं. मग जो गोंधळ माजला त्यात पुढचं काही ऐकूच आलं नाही, आणि तेवढ्यात पडद्यावर ती नवरी वेडंवाकडं तोंड करून आलीच.

बाहेर येताना मी लोकांचं बोलणं ऐकत होते. एक म्हणाला, बकवास. त्याची बायको म्हणाली, मग माझा हात का धरलास? एक मास्तरसारखे दिसणारे गृहस्थ म्हणाले, आपल्या देवाधर्माची चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी बाजारात तेच. माझ्या शेजारी बसणारी सखू म्हणाली, "कसलं गो भूत ते! भूत काय लिपस्टिक लावून येतं?" बांगडे न्यायला आलेली संध्या म्हणाली, "मावशी, मला तर आवडला, काल रात्री विहिरीवर एकटी गेले नाही." अजिंक्यनं फोनवर सांगितलं, पाचात अडीच स्टार मिळालेत. एवढी माणसं, एवढी मतं. पण त्या म्हाताऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तो होता हेच कुणाच्या लक्षात नव्हतं.

म्हणून मी शनिवारी गेले. रविवारीही गेले. बुद्धी कमी म्हणा, पण मला वाटायचं, तो माणूस रोज तिथे येऊन मागणं घालतोय आणि ओ द्यायला कुणी नाही. मग मी नको का जायला?

रविवारी कुणीतरी मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. सोमवारी सकाळी बाजारात बसले तर गिऱ्हाईक लांबूनच बघून जातंय. सखूनं मला तिच्या मोबाइलवर दाखवलं. अंधारात पदर खांद्यावर घेतलेली एक बाई ओरडतेय, खाली लिहिलंय, 'रत्नागिरीत सिनेमा बघताना महिलेला झपाटलं.' सखू म्हणाली, "मालन, खरं सांग, काय होतं तुला?" वीस वर्षं शेजारी बसते ही! मी म्हटलं, "तुझं डोकं होतं." तिने तिची टोपली वीतभर लांब सरकवली.

सोमवारी तीनचा खेळ फुल्ल. सिनेमा बघायला नव्हे, मला बघायला. चिपळूणहून गाडी करून माणसं आली होती. दारावर तिकीट फाडणारा केरू म्हणाला, "काकी, तुमच्यामुळे थेटराला बरे दिवस आले," आणि हसला. हसला, पण तिकीट फाडताना माझ्या बोटांना बोट लागू दिलं नाही. मंगळवारी माझ्या पुढच्या रांगेतली पोरं पडद्याकडे पाठ करूनच बसली होती. मी 'व्हय' म्हटलं की शिट्ट्या. कुणी लिंबू फेकलं. एवढ्या माणसांत मी इतकी एकटी कधी पडले नव्हते. हे गेले त्या दिवशीसुद्धा नाही.

बुधवारी अजिंक्यचा फोन आला. "आई, माझ्या ऑफिसात सगळ्यांनी बघितलाय तो व्हिडिओ. हसतात गं लोक."

"हसू देत. तुझे बाबा उभे आहेत तिथे."

"बाबा नाहीत तिथे, आई. सिनेमा आहे तो." मग म्हणाला, "उद्या शेवटचा खेळ आहे ना? शुक्रवारी दुसरा पिक्चर लागतोय. जा तू. पण एकदा गप्प बस. माझ्यासाठी. नुसतं बघ त्यांना."

लहानपणी हाच पोरगा बापाच्या मागे उभा राहून सगळ्यांत मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' ओरडायचा. इतक्या मोठ्यानं की देवळातली माणसं हसायची. मी म्हटलं, "बरं."

गुरुवारी मी डोक्यावरून अंघोळ केली, लग्नातली चॉकलेटी साडी नेसले. मासळीचा वास असू नये म्हणून. तरी शेजारच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या, आता वेगळ्या कारणानं. बाकी थेटर गच्च. मध्यंतर झालं. हे यायची वेळ झाली तसे अंधारात मोबाइल वर झाले, एक, दोन, मग मोजता येईनात, सगळे माझ्याकडे वळलेले. आणि सगळे एकदम चिडीचूप. कुणी हसेना, खोकेना. मी काय करते ते बघायला पाच-सहाशे माणसं श्वास धरून बसली होती.

हे आले. पहिलं मागणं झालं, वाडीचं भलं कर. मी ओठ दाबून बसले. दुसरं झालं, दर्यावर गेलेल्यांना घरी आण. मी मुठी वळल्या. पोराला शब्द दिला होता. आणि मग यांनी मान खाली घालून पुटपुटल्यासारखं तिसरं मागणं घातलं. सहा दिवस मी आणि त्या पोरांनी मिळून जे बुडवलं होतं ते त्या शांततेत पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं.

"आणि बा म्हाराजा, ही माझी मालन मागं उभी हाय. मी काय आता जास्त दिवसांचा नाय. तिनं हाक मारली तर वो द्यायला कोणतरी ठेव तिला."

आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

माझे हात आपोआप जोडले गेले. आता 'व्हय' मला म्हणताच येत नव्हतं, पोराला शब्द दिला नसता तरीसुद्धा. मागणं माझ्यासाठी होतं. मी गप्प उभं राहायचं होतं, म्हणून उभी राहिले. आणि वाट बघितली. एवढी माणसं आहेत, कोकणातली आहेत, प्रत्येकानं जन्मात कधीतरी गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हटलेलं आहे. म्हणा रे कुणीतरी. एकानं म्हणा. मी मनात ओरडत होते. ते सगळे मोबाइल धरून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी त्यांच्या.

कुणी म्हटलं नाही. ढोल वाजला, नवरी आली, खेळ पुढे सरकला. मागून एक पोरगा म्हणाला, "च्यायला, आज काय झालंच नाय! तिकीट फुकट गेलं."

मी पुढचं बघितलं नाही. बाहेर आले. उन्हं अजून होती, रस्त्यावर रिक्षावाले ओरडत होते. मी थेटराच्या पायरीवर बसले आणि अजिंक्यला फोन लावला.

"गप्प बसलीस ना?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

"बसले. आता तू ऐक." आणि मी त्याला ते मागणं सांगितलं, शब्द न् शब्द, बापानं घातलं होतं तसं. माझं नाव आलं तेही गाळलं नाही. मग म्हटलं, "मला म्हणता येत नाही रे. माझ्यासाठी आहे ते. कुणीतरी म्हणायला हवं."

तिकडे त्याच्या मागे माणसं बोलत होती, कुणीतरी हसलं.

"आई, मी ऑफिसात आहे. सगळे बसलेत इथे."

"हळू म्हण. देवाला ऐकू येतं."

मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखला. तिकडे पंख्याचा आवाज येत होता. मग तोही येईना, त्यानं फोनवर हात ठेवला असावा.

"म्हटलंस का रे?"

"म्हटलं," तो म्हणाला.

अजिंक्य खोटं बोलतो तेव्हा मला लगेच कळतं, लहानपणापासून कळतं. त्या दिवशी मी कळून घेतलं नाही. "बरं," म्हटलं, "जेवून घे वेळेवर," आणि बस पकडायला उठले.