हौदातली पांढरी

मागच्या अंगणातल्या छोट्या हौदावर बगळा उतरला त्या दिवसापासून पांढरी मासळी कुणाला दिसली नव्हती. तांबड्या होत्या, ठिपकेवाली होती, पांढरीचा पत्ता नव्हता. दिवसा पाण्यावर आभाळ पसरलेलं असे आणि अंधार पडला की पाणी काळं ठिक्कर. म्हाताऱ्याच्या बायकोनं जाहीर करून टाकलं की पांढरी गेली असेल तर तिला आता हौदाची हौस नाही. माती टाकून बुजवू.

म्हातारा त्या वाक्यानं हबकला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला खाटेवरून उठवून अंगणात आणलं होतं ते या हौदानंच. पाण्यात दिवा सोडून पाहू, असं तो म्हणाला. त्याचं सगळं आयुष्य नाटकांना प्रकाश देण्यात गेलं होतं, तेव्हा हा त्याच्या हातचा मळ. बायकोनं अट घातली, फार खर्च नको. मासे काही तिकीट काढून येत नाहीत.

दुकानात त्यानं दिवे उलटेपालटे करून पाहिले. उन्हावर चालणारा स्वस्त होता, पण अंगणावर झाडाची सावली. रंग बदलणारा त्यानं हातातही धरला नाही. मग कमी दाबाच्या विजेवर चालणारा, रबरी कडेचा, लख्ख पांढरा एक निवडला आणि बादलीभर पाण्यात बुडवून दाखवा म्हणाला.

"आजोबा, दिवा घेताय की म्हैस?" दुकानदार म्हणाला, पण बादली आणली. आवडला नाही तर बदलून देईन, असंही म्हणाला.

संध्याकाळी त्यानं दिवा अलीकडच्या काठाला बसवला, तोंड सरळ हौदाच्या मध्यावर. बटण दाबलं आणि पाण्याचं ताक झालं. पांढऱ्या धुक्यात कण तरंगत होते, मासे कुठेच नव्हते.

"माशांवर नाही, घाणीवर प्रकाश टाकलात तुम्ही," बायको म्हणाली.

त्याला हसू आलं. प्रकाशाचा झोत दिसावा म्हणून रंगमंचावर मुद्दाम धूर सोडायचा, हे त्यानं जन्मभर केलं होतं. इथे धूर पाण्यातच होता आणि दिवा जितका दांडगा, तितका तो जास्त उजळत होता.

दुसऱ्या दिवशी तो लख्ख दिवा परत करून त्याच पैशांत दोन मिणमिणते पिवळे घेऊन आला. तेही समोरूनच लावायला निघाला. नटाचं तोंड दिसलं पाहिजे, ही सवय हाडात मुरलेली.

"अहो, त्यांची तोंडं कशाला हवीत? हलतंय काय ते कळलं की झालं," बायको म्हणाली. "मागची भिंत उजळा की."

हे त्याला पटायला जरा वेळ लागला. मग त्यानं दोन्ही दिवे तळाशी टेकवून पलीकडच्या भिंतीकडे वळवले. शेवाळलेली भिंत मधासारखी उजळली. तिच्यासमोरून एक काळी आकृती गेली, मागून दुसरी. पण सगळ्याच काळ्या. तांबडी कोण, ठिपकेवाली कोण, काही कळेना. बायको काठावर खुर्ची ओढून बसली आणि पापणी न लववता बघत राहिली. त्यानं एक-दोनदा काही बोलायला तोंड उघडलं, तिनं हातानंच गप्प केलं.

कमळाच्या कुंडीमागून एक आकृती निम्मी बाहेर आली आणि थबकली. भिंतीवरून परतलेला उजेड तिच्या पोटावर पडला. पोट पांढरं होतं. शेपटीचा एक तुकडा नव्हता.

"शेपटीवर निभावलं," बायको हळूच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "बिचारी घाबरून तिथे दडून बसते. कुंडीमागे उजेड नको."

"मग ती दिसणार कशी?"

"मनात आलं तर येईल बाहेर. मी इथेच आहे की रोज."

त्यानं प्लग काढला, बाही वर केली, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कुंडीकडचा दिवा चाचपून थोडा बाजूला फिरवला.

"अजून जरा," बायको म्हणाली.