पट्टा किंचित सरकतो

आज मला बोलायचंय, आणि मी रागावलेलो आहे हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज काढले, आज एकदा माझा.

मी म्हणजे आवाज कोरून ठेवलेली मेणाची जुनी नळकांडी वाजवणारं यंत्र. कुठल्या कारखान्यात नाही, वाल्फ्रिड नावाच्या म्हाताऱ्या सुताराच्या लाकूडकोठीत घडलो. बर्च लाकडाचा माझा रूळ त्याने स्वतः कातला. मोटर एका मोडक्या शिलाई मशीनची, तिच्यापासून रुळापर्यंत एक पट्टा, सुईमागे अभ्रकाची चकती आणि समोर पत्र्याचा कर्णा. दिसायला मी यथातथाच आहे, पण पहिल्याच वसंतात गायला लागलो. लिलावातून आणलेली बँडची नळकांडी त्याने माझ्यावर चढवली, तेव्हा पोस्टमन पत्रं द्यायचं विसरून दारात उभा राहिला. म्हणजे मी तेव्हाच तयार होतो. हे नीट लक्षात ठेवा.

पण मला बँडसाठी बनवलंच नव्हतं. मला बनवलं एका नळकांड्यासाठी. फळीवर कापसात गुंडाळून ठेवलेल्या त्या नळकांड्यात वाल्फ्रिडच्या आईचा आवाज होता. अमेरिकेहून आलेल्या मामाने आपल्या यंत्रावर तो भरून घेतला होता. पुढे ते यंत्र विकलं गेलं, आणि वाल्फ्रिड पाळण्यात असतानाच आई खोकल्याने गेली. नळकांडं राहिलं मोठ्या बहिणीकडे, टेक्लाकडे. तिने ते आयुष्यभर चादरींच्या कपाटात जपलं आणि कान मंद व्हायला लागले तेव्हा भावाच्या हाती दिलं. "मला ऐकू येतंय तोवर एकदा ऐकव," एवढंच म्हणाली.

एवढंच. आणि ह्या माणसाने काय केलं? मला सुधारत बसला! सुई बदलली. चकती बदलली. रूळ पुन्हा कातला. मग म्हणे पट्टा किंचित सरकतो. दर वर्षी मला उघडायचं, पुसायचं, पुन्हा जोडायचं. तिकडे कापसातल्या मेणावर बुरशीचे करडे ठिपके पसरत होते. मला ते समोर दिसत होते. त्यालाही दिसत होते.

टेक्ला दर रविवारी यायची. बर्फ असलं तर पायाने ढकलत न्यायच्या घसरगाडीवरून, नसलं तर चालत. कॉफी बशीत ओतायची, साखरेचा खडा दातात धरायची आणि माझ्याकडे बोट करायची.

"झालं का रे?"

"होतच आलंय."

शेवटी एका शरदात तिचा संयम सुटला. बशी तिने माझ्याशेजारी अशी आपटली की कर्णा थरथरला.

"लाव आज."

"आज नको गं. पट्टा किंचित सरकतो."

"सरकू दे! तुझं छप्पर गळतं, दार करकरतं, अंगातल्या कोटाला दोनच बटणं उरलीत. तिथे तुझं काही अडत नाही. हा पट्टा तेवढा सरकायला नको!"

वाल्फ्रिड हातातला पाना फिरवू लागला. मग म्हणाला, "आणि नुसती खरखर निघाली तर? तुला निदान तिचा आवाज आठवतो. माझ्याकडे काय आहे? एवढं नळकांडं. वाजवलं नाही तोवर आई त्यात आहे, असं तरी म्हणता येतं."

"मला आठवतो?" टेक्ला ओरडलीच. "मूर्ख माणसा, आठवत नाही म्हणून तर आणून दिलं तुला! चेहरा आठवतो, हात आठवतात. आवाज गेला रे माझ्या डोक्यातून. तो परत हवाय मला."

एवढं ऐकल्यावर दगडानेही नळकांडं चढवलं असतं. वाल्फ्रिडने पान्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उन्हाळ्यात. नक्की."

मला पाय असते तर मी त्याला लाथ घातली असती.

त्या हिवाळ्यात टेक्लाला ताप आला. ती वाचली, पण उरलेसुरले कान गेले. शेजारच्या चर्चची घंटाही तिला ऐकू येईना. हे कळल्यावर वाल्फ्रिड थेट कोठीत आला, आणि पट्टा सरकत होता तसाच ठेवून बहिणीला हाताला धरून घेऊन आला. आता त्याला घाई झाली!

त्याने दोन बोटं आत घालून नळकांडं उचललं आणि रुळावर बसवलं. सुई टेकली. खरखर झाली, बुरशीने खाल्लेल्या जागी अडखळलो, पण मी त्यांच्या आईचा आवाज सोडला नाही. आणि ती आली. तरुण बाई, लाजत, हसू दाबत बोलणारी. "काय बोलू मी ह्यात? अगं टेक्ला, बोट काढ त्या कर्ण्यातून. हळू, बाळ उठेल."

बाळ म्हणजे हाच. म्हातारा रडायला लागला.

टेक्ला त्याच्या तोंडाकडे बघत होती. "वाजतंय का? काय म्हणते?"

त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. बोट, कर्णा, बाळ, सगळं. तिने मान हलवली. मग विचारलं, "चिडून म्हणाली की हसून?"

"हसून!"

"कसं हसून? करून दाखव."

 जे मी आत्ताच काढलं होतं ते त्याला जमेना. तिने माझ्या कर्ण्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि काढून घेतला. मग कोट चढवून घरी गेली.

माझा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही. कारण त्या दिवसापासून हा माणूस काय करतोय माहीत आहे? माझ्यासाठी मोठा कर्णा बनवतोय! पत्रा कापतोय, मोजतोय, पुन्हा कापतोय. म्हणे मोठ्या कर्ण्यातून कदाचित तिला ऐकू येईल. पण अजून वाक नीट जमत नाही. आणि टेक्ला रविवारी आपल्या घरी एकटी कॉफी पिते.

वाल्फ्रिड, ठेव तो पत्रा खाली. मला हात लावू नकोस, तेल घालू नकोस. आईचं हसू आता फक्त तू ऐकलंयस, आणि तुझं तोंड टेक्लाला अजून दिसतं. जा, तिच्यासमोर बस आणि येईल तसं हसून दाखव. वेडंवाकडं आलं तरी चालेल. आजच जा.